तीन लाखांच्या आत रोजच्या फिरतीसाठी वापरलेली गाडी : कोणती घ्यावी, कशी पारखावी?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. मी सांगलीत राहते आणि तासगावजवळच्या एका महाविद्यालयात शिकवते. जाऊन-येऊन साधारण 50 किलोमीटरचा प्रवास आजवर एसटीने होत होता आणि त्याबद्दल माझी फारशी तक्रारही नव्हती. परंतु आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया आता मिरजेत ठरल्या आहेत, त्यानंतर काही महिने तपासणी आणि फिजिओथेरपीसाठी तिला वरचेवर न्यावे लागणार आहे, आणि रिक्षात चढता-उतरताना होणारे तिचे हाल आत्ताच पाहवत नाहीत. म्हणून घरात एक छोटी, भरवशाची गाडी असावी असे आम्ही ठरवले. कर्ज काढायचे नाही. एकूण तरतूद तीन लाख रुपयांची असून गाडी नावावर करण्याचा खर्च, विमा आणि सुरुवातीची दुरुस्ती हे सारे त्यातच बसवायचे आहे.

सध्या चार गाड्या पाहण्यात आहेत. पहिली 2014 च्या पासिंगची वॅगन आर एलएक्सआय, एमएच-10, एकच मालक, 46 हजार किलोमीटर रनिंग, मागणी 2 लाख 65 हजार. मालक निवृत्त गृहस्थ असून गाडी सांगलीतच वापरलेली आहे. दुसरी 2012 ची ह्युंदाई आय10, 1.1 लिटर इंजिनाची, एमएच-12, दुसरा मालक, एका विक्रेत्याकडे 1 लाख 95 हजारांना आहे. तिसरी 2013 ची शेवरोले बीट पेट्रोल, ओळखीतून, फक्त 1 लाख 35 हजारांना. चौथी 2016 ची अल्टो के10, कर्नाटक पासिंगची, चिक्कोडीच्या एका विक्रेत्याकडे 2 लाख 10 हजारांना मिळते आहे.

मला गाडी चालवता येते, पण यंत्राचे ज्ञान नाही. यांपैकी कोणती गाडी विचारात घ्यावी, आणि सांगलीत असल्यामुळे पुरात बुडालेली गाडी गळ्यात पडणार नाही याची खात्री कशी करावी, हे दोन प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

पाना_पक्कड, कोल्हापूर

ताई, माझे कोल्हापुरात गॅरेज आहे आणि या चारही प्रकारच्या गाड्या नेहमी हाताखालून जातात. आईंच्या गुडघ्यांचा विचार केला तर उत्तर निम्मे तिथेच मिळते. वॅगन आरचे आसन उंच आहे, दार मोठे उघडते, आणि माणसाला खाली वाकून बसावे लागत नाही किंवा उठताना गुडघ्यांवर जोर देऊन स्वतःला वर ढकलावे लागत नाही. अल्टोत नेमके हेच करावे लागते. तेव्हा के10 चे इंजिन कितीही चपळ असले तरी तुमच्या कामासाठी ती मी बाजूला ठेवीन. कोणतीही गाडी ठरवण्यापूर्वी आईंना एकदा त्या गाडीत बसवून आणि उतरवून पाहा. यंत्राची तपासणी त्यानंतर.

बीट स्वस्त का आहे, तेही समजून घ्यावे. शेवरोलेने 2017 च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले आणि तळेगावचा कारखानाही 2020 च्या डिसेंबरात बंद झाला. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांसारखे नेहमीचे भाग अजून मिळतात, परंतु एखादा दिवा, दाराचे कुलूप किंवा सेन्सर गेला तर तो शोधण्यात गाडी आठवडा-आठवडा उभी राहते. घरात दुसरी गाडी असती तर हे चालून गेले असते. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीची वेळ ठरलेली असताना गाडी गॅरेजात असणे तुम्हाला परवडणार नाही.

आय10 चांगली गाडी आहे, मात्र तिच्या 1.1 लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) असतो. तो साधारण 60 ते 80 हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलावा लागतो, आणि चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनाचे हेड उघडण्याची वेळ येते. बेल्ट बदलल्याचे बिल विक्रेत्याने दाखवले नाही, तर तो बदललेला नाही असे समजून तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी. वॅगन आरच्या 998 सीसीच्या के10 इंजिनाला बेल्टऐवजी चेन असते. वेळेवर ऑईल बदलले असेल तर ती इंजिनाच्या आयुष्यभर पुरते. हे इंजिन तीन सिलिंडरचे असल्याने उभ्या गाडीत थोडी थरथर जाणवणारच. ती दोष समजू नये. पण गिअरचा दांडा आणि डॅशबोर्ड दिसण्याइतके हलत असतील, तर इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसते ते रबरी आधार, गेलेले आहे.

आता पुराविषयी. 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांपर्यंत चढले होते आणि 2021 च्या जुलैतही शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. त्या दोन्ही वेळी बुडालेल्या गाड्या धुऊन, वाळवून, आसनांची कव्हरे बदलून बाजारात आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच आजही फिरत आहेत. धुतलेल्या गाडीत गाळ वरवर दिसत नाही, म्हणून तो जिथे कुणी धूत नाही तिथे शोधावा. चालकाचा सीट बेल्ट शेवटपर्यंत, म्हणजे रीळ संपेपर्यंत बाहेर ओढा आणि एरवी आत गुंडाळलेला असतो तो भाग पाहा. तिथे मातकट पाण्याची रेघ किंवा वाळलेल्या चिखलाची पूड दिसली तर पुढे काहीच पाहण्याची गरज नाही. पुढचे आसन मागे सरकवून त्याच्या रुळांवरचे बोल्ट पाहावेत, कारण घरासमोर उभ्या राहणाऱ्या गाडीत ते इतके गंजत नाहीत. डिकीतले स्टेपनीचे चाक उचलून खालचा खळगा पाहावा, आणि गालिचा एका कोपऱ्यातून उचलून खालच्या फेल्टचा वास घ्यावा. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेले असेल तर वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवट थर बसतो, तो मेकॅनिकने टॉर्च लावून पाहावा. अशा गाडीचे इंजिन दुरुस्त करता येते, परंतु वायरिंगचे दुखणे पुढे अनेक पावसाळे डोके वर काढत राहते.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये असे मालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवून इंजिन खरोखर थंड आहे ना, ते पाहावे. चावी ‘ऑन’ टप्प्यावर, म्हणजे गाडी सुरू होण्याच्या लगेच अलीकडे, फिरवली की इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळात लागतच नसेल, तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का पाहा. नंतर एसी लावून गाडी वीसेक मिनिटे जागेवरच चालू ठेवा; रेडिएटरचा पंखा लागतो-थांबतो का आणि तापमान वाढत जाते का, हे त्याच वेळी कळते. कूलंटच्या टाकीत नुसते नळाचे पाणी असेल तर ती चांगली खूण नाही.

अपघाताची परीक्षा काचांवरून होते. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीच्या छापासोबत वर्षाची खूण असते. सर्व काचांवर एकच वर्ष आणि एकीवर वेगळे असेल, तर ती काच का बदलली, हे मालकाला विचारावे. बोनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पाहा. त्यांच्यावरचा रंग पान्याने उडालेला असेल तर तो भाग एकदा निघालेला आहे. दारांचे रबर थोडे ओढून आतली स्पॉट वेल्डिंगची गोल ठिपक्यांची रांग पाहावी. ती एकसारखी असते, आणि दुरुस्तीनंतर कधीच तितकी एकसारखी येत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलायचेच, असे धरून हिशेब करावा.

कागदपत्र_आधी, पुणे

वरील प्रतिसाद यंत्राच्या बाजूने इतका पूर्ण आहे की मी फक्त कागदांविषयी लिहितो.

पुरात बुडालेली गाडी ओळखण्याचा आणखी एक मार्ग विम्याच्या जुन्या पॉलिसींमध्ये असतो आणि तो फार कमी लोक वापरतात. सर्वसमावेशक विमा असेल आणि वर्षभरात दावा केला नसेल, तर नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वाढत जातो : 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के. दावा केला की पुढच्या पॉलिसीत तो शून्यावर येतो. म्हणून मालकांकडून 2018 पासूनच्या पॉलिसींच्या प्रती मागून घ्या आणि 2019 च्या ऑगस्टनंतरच्या व 2021 च्या जुलैनंतरच्या पहिल्या नूतनीकरणात बोनसचा आकडा पाहा. एकच मालक असलेल्या गाडीत तो तिथे शून्य झाला असेल, तर कारण विचारलेच पाहिजे. अर्थात मधल्या काळात फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, विमा असेल तर या मार्गाने काहीच कळत नाही, आणि मालक बदलल्यावरही बोनस नव्याने सुरू होतो. कारण तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे मालकांच्या बोनसचा फायदा तुम्हाला मिळणार नाही, हेही हप्त्याच्या हिशेबात धरा.

कर्नाटकची अल्टो स्वस्त दिसते, पण ती 12 महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात राहणार म्हटल्यावर तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणून इथे नवा क्रमांक घ्यावा लागेल, महाराष्ट्राचा मोटार वाहन कर भरावा लागेल आणि कर्नाटकात भरलेल्या कराचा परतावा तिथे जाऊन मागावा लागेल. यात किमतीतला फरक बराचसा निघून जातो, आणि नोकरी सांभाळून हे हेलपाटे घालणे तुमच्यासाठी सोपे नाही.

आय10 विषयीही एक मुद्दा आहे. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे 2012 च्या गाडीची मुदत 2027 मध्ये संपेल. नंतर गाडी तपासणीत उत्तीर्ण झाल्यास पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, परंतु त्याचे शुल्क 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपयांवर गेले आणि वर पर्यावरण करही असतो. थर्ड पार्टी हप्त्यातही फरक आहे. 2022 च्या दरांनुसार 1000 सीसीच्या आतील मोटारीला करांखेरीज 2,094 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीच्या मोटारीला 3,416 रुपये पडतात. आय10 चे इंजिन 1086 सीसीचे असल्याने ती दुसऱ्या गटात जाते.

गाडीवरील ई-चलने, बँकेचा बोजा आणि विम्याची मुदत परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून आधीच पाहून घ्या. 2019 च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा क्रमांक) पाटी बसवलेली आहे ना, हेही पाहा. ती नसेल तर मालकी हस्तांतरणाचे काम आरटीओत अडते.

घाटवळण, सातारा

सर्वांनी आसनांचा, पुराचा आणि कागदांचा विचार केला, पण ताई रोज 50 किलोमीटर राज्य रस्त्यावर गाडी चालवणार आहेत, याचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही. 2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले होते; त्यांत आय10 होती, अल्टो 800 होती, आणि एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. 2014 च्या एलएक्सआय वॅगन आरमध्येही बहुधा एअरबॅग नसणार आणि एबीएसही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) नसणार. आपल्याकडे एबीएस सर्व नव्या मोटारींना 2019 च्या एप्रिलपासून आणि चालकाची एअरबॅग 2019 च्या जुलैपासून सक्तीची झाली. त्याआधी या गोष्टी महागड्या प्रकारांतच मिळत.

म्हणून माझा आग्रह असा, की महिनाभर थांबावे लागले तरी चालेल, पण दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली 2016-17 ची टाटा टियागो किंवा त्याच सोयी असलेली वॅगन आर व्हीएक्सआय शोधावी. किंमत तरतुदीच्या काठावर जाईल, हे मला मान्य आहे. मात्र त्या गाडीतही चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का, हे पाहायला विसरू नका, कारण अपघातात उघडलेल्या एअरबॅग न बदलताच डॅशबोर्ड बंद केलेल्या गाड्याही विकल्या जातात.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. अल्टो, बीट आणि आय10 बाजूला ठेवून काल सकाळी ओळखीच्या मेकॅनिकसह वॅगन आर पाहून आले. आईलाही सोबत नेले होते. ती कुणाचाही हात न धरता मागच्या आसनावर बसली आणि उतरली.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, स्वच्छ आहे. आसनांचे रूळ आणि स्टेपनीचा खळगा कोरडा आहे. मालकांनी पॉलिसींची फाईलच पुढे ठेवली. नूतनीकरण दर नोव्हेंबरात होते आणि 2019, 2020 व 2021 या तिन्ही वर्षी बोनस 50 टक्के आहे. 2022 मध्ये मात्र तो शून्य झाला. डिकीच्या काचेवरही 2022 ची खूण आहे आणि बाकीच्या साऱ्या काचा 2014 च्या आहेत. विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितले की सिग्नलवर उभे असताना मागून टेम्पोची धडक बसली होती, आणि दुरुस्तीचे बिलही काढून दाखवले. चारही टायरवर 2318 असा आकडा आहे. एअरबॅग नाहीत, हे खरे आहे. टियागोसाठी दोन ठिकाणी चौकशी केली, पण दोन्हीकडे मागणी साडेतीन लाखांच्या वर होती आणि शस्त्रक्रियेची तारीख जवळ आली आहे.

अडचण एकच आहे. मालकांचे कर्ज केव्हाच फिटले आहे, तरी आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतो. ते म्हणतात की पूर्ण रक्कम देऊन गाडी न्या, सह्या केलेले फॉर्म देतो, बोजा सवडीने उतरवू. माणूस सज्जन वाटतो. असे करावे का?

कागदपत्र_आधी, पुणे

माणूस सज्जन असला तरी असे करू नये, आणि यात त्यांचेही हित आहे. आरसीवर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. त्यामुळे तुमच्या हातून उद्या अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात त्यांचे नाव येईल. ही गोष्ट त्यांना शांतपणे सांगितली तर ते स्वतःच घाई करतील.

त्यांनी बँकेकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म 35, म्हणजे बोजा उतरवण्याचा अर्ज, घ्यावा. बँकेच्या पत्राला मुदत असते, ते जुने असेल तर नवे घ्यावे लागेल. बोजा उतरवणे आणि फॉर्म 29 व 30 वरचे हस्तांतरण ही दोन्ही कामे आरटीओत एकत्र होऊ शकतात. तोवर थोडीशी आगाऊ रक्कम बँकेतून देऊन साधा लेखी करार करा, त्यात गाडीचा चासिस क्रमांक आणि बोजा उतरवण्याची जबाबदारी लिहा, आणि उरलेली रक्कम कागद आरटीओत दाखल होतील त्या दिवशी द्या. ताब्याच्या पावतीवर तारखेसोबत वेळही लिहावी, म्हणजे त्याआधीची चलने कुणाची, याचा वाद राहत नाही. विमा 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप येते, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही. फास्टॅग त्यांनी बंद करावा आणि तुम्ही नवा घ्यावा.

पाना_पक्कड, कोल्हापूर

2318 म्हणजे 2018 च्या जूनमधले टायर, ते बदलावेच लागतील. चार टायर आणि अलाइनमेंट मिळून साधारण 15 हजारांचा खर्च आहे, तो मालकांपुढे स्पष्ट मांडून किंमत अडीच लाखांच्या आसपास आणावी. टेम्पोच्या धडकेविषयी एकच तपासणी राहिली. गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या बंपरच्या आतले दोन्ही बाजूंचे लांब पत्रे, म्हणजे चासिसची टोके, सरळ आहेत का आणि डिकीची फट दोन्हीकडे सारखी आहे का, हे मेकॅनिकला पाहायला सांगा. ती सरळ असतील तर ही धडक विसरून जावी.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑईल, सर्व फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑईल बदलून घ्या, आधी बदलले आहे असे कुणी सांगितले तरीही. सोबत पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि त्यांच्या क्लिपा तपासून घ्या. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, ही गाडी त्यापूर्वीची आहे, आणि बारा वर्षांच्या जुन्या नळीला भेगा पडल्या असतील तर ती काही शे रुपयांत बदलून होते. घाटवळण यांचा मुद्दा मला पटतो, पण तारीख जवळ असताना आणि आई विनासायास बसू शकत असताना मी हीच गाडी घेईन. मागच्या आसनावरही आईंना बेल्ट लावायला सांगा. या प्रकारच्या गाड्यांत मागच्या बेल्टची बकले बहुधा आसनाच्या फटीत दबून गेलेली असतात, ती काढून जागेवर आणून घ्या.